जनान्तिकातून प्रकाशाकडे : भ्रष्टाचाराशी सामना घडविणारे नाट्यप्रवेश आणि स्वगते

प्रास्ताविक

दरवर्षी ३१ ऑक्टोबर ज्या आठवड्यात येतो तो आठवडा केंद्रीय दक्षता आयोगाच्या वतीने दक्षता जागृती सप्ताह म्हणून पाळला जातो. महाविद्यालयांतून त्यानिमित्त प्रतिज्ञा होते, निबंध लिहून घेतले जातात आणि बहुधा एखादे पथनाट्यही बसविले जाते. या पथनाट्याचा साचा आता सर्वांच्या परिचयाचा झाला आहे. दाखल्यासाठी खेटे घालणारा तरुण, टेबलामागे बसलेला कारकून, 'चहापाण्याची' सूचक मागणी, आणि मग तरुणाचे प्रेक्षकांकडे तोंड करून केलेले दोन-तीन मिनिटांचे आवेशपूर्ण भाषण. भाषण संपते, कारकून मान खाली घालतो, टाळ्या पडतात. सादर करणाऱ्यांचा हेतू प्रामाणिक असतो यात शंका नाही. तथापि त्या वर्तुळात उभ्या असलेल्या एकाही प्रेक्षकाला हे भाषण आपल्याला उद्देशून आहे असे वाटत नाही. प्रत्येक जण त्या तरुणाच्या बाजूने उभा असतो, आणि कारकुनाच्या बाजूने कोणीच नसते. मग लाच देतो कोण, आणि घेतो कोण, हा प्रश्न तसाच राहतो.

भ्रष्टाचाराला सामोरे जाण्याचा प्रसंग थोर नाटककारांनी कसा रचला, तो रचताना आरोप करणाऱ्याला कोठे उभे केले आणि त्याच्या तोंडी दीर्घ भाषण वा स्वगत का घातले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. विवेचनाचा मुख्य आधार विजय तेंडुलकर यांचे 'घाशीराम कोतवाल' हे नाटक आहे. गोगोल आणि इब्सेन यांच्या नाटकांचा विचार त्या नाटकापर्यंत पोहोचण्याची वाट म्हणून येईल.

संज्ञांचा विचार

संस्कृत नाट्यशास्त्राने रंगमंचावरील बोलण्याचे प्रकार फार बारकाईने वेगळे केले आहेत. सर्वांना ऐकू जावे असे बोलणे ते 'प्रकाश'. मनाशीच बोलणे ते 'स्वगत' किंवा 'आत्मगत'. एखाद्यालाच, इतरांपासून लपवून सांगणे ते 'अपवारित'. आणि इतर पात्रे समोर असतानाच, त्यांना वगळून, हाताच्या त्रिपताक मुद्रेचा आडोसा करून दोघांनी आपसांत बोलणे ते 'जनान्तिक'. जनान्तिकातील गंमत अशी की ते रंगमंचावर सर्वांच्या देखत चालते, प्रेक्षकांना स्पष्ट ऐकू येते, आणि तरीही ते कोणी ऐकलेच नाही असे सर्वांनी मानायचे असते.

भ्रष्टाचाराची भाषा ही मूलतः जनान्तिकाची भाषा आहे. मराठीत लाचेसाठी जे शब्द रोजच्या वापरात आहेत त्यांकडे पाहिले तरी हे ध्यानात येते. चिरीमिरी, चहापाणी, वरकमाई, हात ओले करणे, वजन ठेवणे, टेबलाखालून देणे. यांपैकी कोणताही शब्द उच्चारला तरी लाच हा शब्द उच्चारला जात नाही. सर्वांना अर्थ कळतो आणि कोणीही काही बोललेले नसते. म्हणूनच भ्रष्टाचाराशी सामना करणारा प्रवेश नाट्यदृष्ट्या एकच मोठी घटना घडवीत असतो : जे जनान्तिकात चालले होते ते प्रकाशात उच्चारले जाते. हा उच्चार कोण करतो, कोणासमोर करतो आणि तो ऐकला जातो की नाही, यावर त्या प्रवेशाचे सामर्थ्य अवलंबून असते.

येथे दीर्घ भाषण आणि स्वगत यांतील भेदही लक्षात ठेवावयास हवा. भाषणाला श्रोता असतो. स्वगत मात्र बहुधा श्रोता नाहीसा झाल्यावर उमटते. शेक्सपिअरच्या 'मेझर फॉर मेझर' मधील इझाबेला आपल्या भावाचा जीव वाचविण्यासाठी अँजेलोकडे याचना करते. न्यायासनावर बसलेला हा कडक नीतीचा मनुष्य भावाच्या प्राणांच्या बदल्यात तिचे शील मागतो. ही गोष्ट जगजाहीर करण्याचा धाक ती त्याला घालते. त्यावर तो तिला शांतपणे विचारतो की तिच्यावर विश्वास ठेवणार कोण? त्याची प्रतिष्ठा आणि त्याचे अधिकारपद हेच त्याचे उत्तर असते. तो निघून जातो आणि मागे एकटी उरलेली इझाबेला तक्रार कोणाकडे न्यावी हा प्रश्न स्वतःशीच मांडते. ते स्वगत अलंकारासाठी आलेले नाही. तक्रार ऐकून घेणारे आसनच गुन्हेगाराने व्यापलेले आहे, म्हणून संवादाची जागा स्वगताने घेतली आहे. अधिकाऱ्याविरुद्धचा अर्ज चौकशीसाठी त्याच अधिकाऱ्याच्या टेबलावर जातो हा अनुभव आपल्याकडेही नवलाचा नाही.

गोगोल : आरोप करणारे हात

निकोलाय गोगोल यांचे 'रेव्हिझोर' म्हणजेच 'इन्स्पेक्टर जनरल' हे नाटक १८३६ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे प्रथम रंगभूमीवर आले. पु. ल. देशपांडे यांनी १९५२ मध्ये 'अंमलदार' या नावाने त्याचे मराठी रूपांतर केले. 'अंमल' या शब्दाला मराठीत सत्ता आणि नशा असे दोन्ही अर्थ आहेत. रूपांतरकाराने हे शीर्षक निवडले तेव्हा मूळ नाटकाचा निम्मा आशय त्या एका शब्दातच सामावला असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही.

कथानक प्रसिद्ध आहे. राजधानीतून गुप्तपणे तपासनीस येणार असल्याची वार्ता एका लहान गावात येते. खाणावळीत उधारीवर दिवस काढणाऱ्या ख्लेस्ताकोव्ह नावाच्या उडाणटप्पू तरुणालाच गावचे अधिकारी तो तपासनीस समजतात आणि त्याच्यापुढे लोटांगण घालतात. या नाटकाची थट्टा सर्वांना आठवते. त्यातील सामन्याचे प्रसंग मात्र बारकाईने पाहण्याजोगे आहेत. पहिल्या अंकातील न्यायाधीश लाच घेतो ती शिकारी कुत्र्यांच्या पिलांच्या रूपात, आणि म्हणूनच ती लाच नव्हे असे त्याचे ठाम मत आहे. नगरप्रमुख आपल्या हाताखालच्या एका पोलिसाला रागे भरतो, पण लाच खाल्ली म्हणून नव्हे. आपल्या हुद्द्याला शोभेल त्याहून अधिक खाल्ली, एवढाच त्याचा अपराध असतो. भ्रष्टाचारालाही मानमर्यादा आणि वेतनश्रेणी असते हे गोगोलने दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी नोंदवून ठेवले.

चौथ्या अंकात गावातील व्यापारी नगरप्रमुखाच्या जुलमाची फिर्याद घेऊन येतात. ही फिर्याद खरी आहे. परंतु ती ज्या तपासनिसाकडे नेली जाते तो खोटा आहे, आणि फिर्यादीसोबत व्यापाऱ्यांनी नजराणाही आणला आहे. ख्लेस्ताकोव्ह लाच घेण्यास बाणेदारपणे नकार देतो आणि रक्कम मात्र उसनी म्हणून स्वीकारतो. पुढे पाचव्या अंकात आपली मुलगी तपासनिसाला दिली या भ्रमात नगरप्रमुख या व्यापाऱ्यांना बोलावून त्यांची खरडपट्टी काढतो, आणि तेव्हा एक जुना व्यवहार बाहेर पडतो. पुलाच्या बांधकामात या व्यापाऱ्यांपैकी एकाने शंभर रुबलांचेही लाकूड न वापरता वीस हजारांचा हिशेब सरकारकडे लावला होता आणि त्याला साहाय्य स्वतः नगरप्रमुखानेच केले होते. म्हणजे लुटला गेलेला फिर्यादी हा आधीच्या लुटीतील भागीदार होता. दोन्ही बाजूंचे बोलणे खरे असते आणि दोन्ही बाजूंना बोलण्याचा अधिकार नसतो. विनोदी नाटकात असा पेच इतक्या सहजपणे मांडला गेल्याचे दुसरे उदाहरण क्वचितच सापडेल.

या पार्श्वभूमीवर नगरप्रमुखाचे अखेरचे भाषण येते. फसगत उघड झाल्यावर तो स्वतःवर संतापतो, मग आपल्यावर नाटक लिहिणाऱ्या भावी लेखकावर संतापतो, आणि शेवटी हसणाऱ्यांकडे वळून ते स्वतःलाच हसत आहेत याची त्यांना जाणीव करून देतो. रंगमंच आणि प्रेक्षागृह यांमधील अदृश्य भिंत तेथे पडते. लगोलग खरा तपासनीस आल्याची वार्ता येते आणि सर्व पात्रे दीड मिनिटापर्यंत निश्चल उभी राहतात. खरा तपासनीस रंगमंचावर येतच नाही. तो आला असता तर प्रेक्षकांना न्यायाचे समाधान मिळाले असते, आणि तेच गोगोलने नाकारले आहे.

मराठीत या हसऱ्या परंपरेचा वारसा तमाशाच्या अंगाने वसंत सबनीस यांनी चालविला. मूळच्या 'छपरी पलंगाचा वग' चे १९६५ मध्ये 'विच्छा माझी पुरी करा' झाले आणि दादा कोंडके यांच्या हवालदाराने ते घरोघर पोहोचविले. कोतवालाची रिकामी जागा आपल्याला मिळेल या आशेवर असलेला हवालदार डावलला जातो व प्रधानाच्या नात्यातला माणूस वशिल्याने तेथे बसतो. हवालदार त्याला धडा शिकवितो, पण त्याचा राग तत्त्वाचा नसून हुकलेल्या जागेचा आहे. प्रेक्षक हसतो, कारण तो राग त्याच्या ओळखीचा असतो.

इब्सेन : भरकटलेले भाषण

हेन्रिक इब्सेन यांचे 'एन फोल्कफिएन्दे' ('लोकशत्रू') हे नाटक १८८२ चे. गावाच्या भरभराटीचा आधार असलेल्या स्नानगृहांचे पाणी चर्मोद्योगाच्या घाणीने दूषित झाले आहे असे डॉक्टर स्टॉकमन यांना आढळते. नगरप्रमुख असलेला त्यांचा सख्खा भाऊ पीटर हे सत्य दडपू पाहतो. प्रारंभी डॉक्टरांना पाठिंबा देणारे संपादक आणि मुद्रक, दुरुस्तीचा खर्च करदात्यांवर पडणार हे कळताच पाठ फिरवितात. येथे कोणी रोख लाच घेत नाही. सारा व्यवहार प्रतिष्ठित, कायदेशीर आणि बहुमताने चालतो. म्हणूनच हे नाटक भ्रष्टाचाराच्या चर्चेत अधिक महत्त्वाचे ठरते.

चौथा अंक हा एका जाहीर सभेचा आहे. डॉक्टरांना कोठेही सभागृह मिळत नाही; अखेर एक जहाजाचा कप्तान आपल्या घरातील दालन देतो. सभा डॉक्टरांनी बोलावलेली असते, पण सुरू होताच विरोधक सभेसाठी अध्यक्ष निवडण्याची सूचना आणतात, आपलाच मनुष्य त्या जागी बसवितात आणि पाण्याच्या विषयावर बोलण्यास डॉक्टरांना बंदी घालणारा ठराव मांडतात. संस्थात्मक बैठकांचा अनुभव असलेल्या वाचकाला हा प्रसंग वाचताना नॉर्वेची आठवण कमी आणि स्वतःच्या परिसराची अधिक होईल. सत्य दडपण्यासाठी येथे गुंडांची गरज लागत नाही, कार्यपद्धतीचा नियम पुरतो.

आता बोलायचे कशावर? डॉक्टर पाणी बाजूला ठेवतात आणि बहुमतावरच तुटून पडतात. त्यांचे भाषण हळूहळू आपल्या विषयापासून दूर जाते, सामान्य माणसाविषयी तुच्छतेच्या टोकाला पोहोचते आणि जे थोडे श्रोते वळू शकले असते तेही दुरावतात. शेवटी ठराव होऊन त्यांना लोकशत्रू घोषित केले जाते. हे भाषण शौर्याचा नमुना म्हणून स्पर्धांतून सादर केले जाते तेव्हा त्यातील हा दोष बहुधा गाळलाच जातो. इब्सेनने मात्र तो जाणूनबुजून ठेवला आहे. ज्याच्याकडे निर्विवाद पुरावा होता त्याला पुराव्याविषयी बोलू न दिल्यामुळे तो मतांविषयी बोलू लागला, आणि मतांविषयी बोलताना त्याने स्वतःची बाजू कमकुवत केली.

सत्यजित राय यांनी १९८९ मध्ये 'गणशत्रू' या बंगाली चित्रपटात हे कथानक बंगालमधील एका गावात आणले. स्नानगृहांच्या जागी मंदिराचे चरणामृत आले, सौमित्र चटर्जी यांनी डॉक्टरांची भूमिका केली, आणि शेवट बदलला. इब्सेनचा डॉक्टर एकटा उरतो. राय यांच्या डॉक्टरांना अखेरीस बाहेरून आपल्या समर्थनाच्या घोषणा ऐकू येतात. हा बदल मानवतेच्या दृष्टीने समजण्याजोगा आहे. नाट्यदृष्ट्या मात्र मूळ शेवटातील अवघडलेपण त्यात विरून जाते असे म्हणावे लागते.

'घाशीराम कोतवाल' : सौद्यातील फिर्यादी

मराठी रंगभूमीवर कन्येच्या बदल्यात लाभ पदरात पाडणारा पिता 'घाशीराम' च्या पुष्कळ आधी आला होता. गोविंद बल्लाळ देवल यांच्या 'शारदा' मधील (१८९९) कांचनभट हा तो पिता. भद्रेश्वर दीक्षित हा त्या व्यवहारातील मध्यस्थ. वृद्ध भुजंगनाथाशी ठरलेले शारदेचे लग्न तेथे मोडते, पण ते मोडण्यास सगोत्रतेची अडचण कारणी लागते. मुलीचा सौदा हा अधर्म आहे एवढे कारण पुरेसे ठरत नाही. देवलांनी हे जाणीवपूर्वक योजले असो वा नसो, समाजाचे वास्तव त्यात अचूक उतरले आहे.

'घाशीराम कोतवाल' चा पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने केला. दिग्दर्शन जब्बार पटेल यांचे, संगीत भास्कर चंदावरकर यांचे आणि नाना फडणवीसांच्या भूमिकेत मोहन आगाशे होते. नाना फडणवीसांची आणि पुण्याच्या ब्राह्मणांची बदनामी होते या आक्षेपावरून वाद पेटला आणि थोड्याच प्रयोगांनंतर संस्थेने नाटक थांबविले. त्यातून बाहेर पडलेल्या कलावंतांनी १९७३ मध्ये थिएटर अकॅडमी स्थापन केली व १९७४ पासून प्रयोग पुन्हा सुरू झाले. १९८० च्या युरोप दौऱ्याच्या वेळीही विरोध झाला. हे ऐतिहासिक नाटक नव्हे, अशी भूमिका तेंडुलकरांनी घेतली होती. इतिहासातील घाशीराम १७९१ मध्ये जमावाकडून मारला गेला. कोठडीत कोंडलेल्या ब्राह्मणांचा गुदमरून झालेला मृत्यू हे त्याचे तत्कालीन कारण होते. त्याच्यावर मोरोबा कान्होबा यांची कादंबरी १८६३ मध्येच प्रसिद्ध झाली होती. वादाचा सारा भर नानांच्या चारित्र्यावर राहिला आणि नाटकातील व्यवहाराच्या रचनेकडे त्यामानाने दुर्लक्ष झाले, ही खेदाची बाब आहे.

कनोजहून आलेला घाशीराम पुण्यात गुलाबीच्या कोठीवर पडेल ते काम करतो. नानांच्या दुखऱ्या पायाला आधार दिल्याबद्दल त्याला कंठा मिळतो आणि गुलाबीची माणसे तो हिसकावून घेतात. पुढे दक्षिणेच्या ठिकाणी त्याच्यावर चोरीचा खोटा आळ येतो, मारहाण होते, कोठडी घडते आणि शहराबाहेर हाकलले जाते. येथे त्याचे पहिले मोठे भाषण येते. पुण्याचा सूड घेण्याची, या शहराला डुकरांचे राज्य करून सोडण्याची तो प्रतिज्ञा करतो. पथनाट्यातील तरुणाच्या भाषणाशी याचे बाह्य साम्य विलक्षण आहे. अन्याय खरा, संताप खरा, प्रेक्षक त्याच्या बाजूने. फरक एवढाच की तेंडुलकर येथे टाळ्या घेऊन पडदा पाडीत नाहीत; या संतापाला हत्यार मिळाले तर काय होते ते ते पुढे दाखवितात. आणि ते हत्यार मिळविण्यासाठी घाशीराम स्वतःची मुलगी ललितागौरी नानांच्या स्वाधीन करतो.

दुसरे महत्त्वाचे भाषण नानांचे. कोतवालीचा हुकूम लिहून दिल्यावर घाशीराम गेलेला असतो, आणि नाना आपले गणित उघड करतात. आपण नानांना अडकविले असे घाशीरामाला वाटते, पण हा परका मनुष्य शहरातील कोणत्याच कटात सामील होऊ शकणार नाही. शिवाय यापुढे जी पापे घडतील ती करणारे नाना असले तरी नाव घाशीरामाचे होईल. हे बोलणे तसे घाशीरामाला उद्देशूनच आहे, पण तो तेथे नाही. एका परीने हे जगातील सर्वांत स्पष्ट कबुलीजबाबांपैकी एक आहे आणि प्रेक्षक त्याचा एकमेव साक्षीदार आहे. नाट्यशास्त्राच्या संज्ञेत जे 'स्वगत' आहे ते येथे राज्यकारभाराचे 'प्रकाश' धोरण ठरते. भ्रष्ट व्यवस्थेला नेहमी एक कोतवाल लागतो. तो वेळ आल्यावर जमावाच्या हवाली करता येतो. मोठ्या प्रकरणांत अखेर निलंबित कोण होतो हे पाहणाऱ्यास नानांचे हे गणित नवे वाटणार नाही.

या दोन भाषणांनंतर खरा सामना घडतो. ललितागौरी नाहीशी होते, घाशीराम शोध घेतो, बाळंतपणात तिचा अंत झाला आणि तिला परस्पर पुरले गेले हे त्याला कळते. तो नानांसमोर उभा राहतो. मराठी नाटकातील भ्रष्टाचाराशी सामना करणारा सर्वांत भेदक प्रवेश कोणता, असा प्रश्न आला तर उत्तर हेच द्यावे लागेल, आणि त्याचे कारण असे की हा सामना अयशस्वी होतो. घाशीराम आपली मुलगी परत मागतो. नाना त्याला जन्ममृत्यूच्या, अलिप्ततेच्या गोष्टी सांगतात, देवाचे नाव घेतात, कोतवालीच्या कर्तव्याची आठवण देतात. आणि तो कोतवाल, ज्याच्या एका शब्दावर पुण्यातील माणसांचे हात भाजून निघतात, तो मान तुकवून परत जातो. तो गप्प बसतो ते भीतीने नव्हे, अथवा केवळ भीतीने नव्हे. मुलगी परत मागायची तर कोतवाली परत द्यावी लागेल, कारण एक वस्तू दुसरीची किंमत होती. नानांना हे ठाऊक आहे, घाशीरामाला ठाऊक आहे आणि प्रेक्षकांनाही. गोगोलच्या व्यापाऱ्यांचा पेच येथे विनोदाचे कातडे सोलून समोर येतो. घाशीरामाचा प्रश्न खरा आहे, पण तो विचारण्याचा हक्क त्याने विकलेला आहे.

यानंतर त्याचा जुलूम अधिक बेभान होतो. जो प्रश्न वर विचारता आला नाही त्याचा सूड खाली घेतला जातो. बागेतील फळे तोडणारे परदेशी ब्राह्मण कोठडीत कोंबले जातात, गुदमरून मरतात, जमाव नानांच्या वाड्यावर येतो आणि नाना घाशीरामाच्या शिक्षेच्या हुकमावर सही करतात. अखेरच्या प्रसंगी दगड खात उभ्या असलेल्या घाशीरामाच्या तोंडी जे शब्द आहेत त्यांत बचाव नाही. तो मारणाऱ्यांना आणखी मारा म्हणतो. शहरावर केलेल्या अत्याचारांसाठी नव्हे, तर मुलीच्या मृत्यूसाठी आपल्याला शिक्षा हवी, असे तो सांगतो. आयुष्यात प्रथमच तो आरोपीच्या आणि फिर्यादीच्या जागी एकाच वेळी उभा आहे. नाटकातील भ्रष्टाचाराचा खराखुरा उच्चार होतो तो येथे, आणि तो ऐकायला कोणाला सवड नाही. जमाव दगड मारण्यात गुंतला आहे. मग नाना येतात, शहरावरील संकट टळले असे जाहीर करतात आणि उत्सवाची आज्ञा देतात. प्रारंभी भिंत होऊन नाचणारे ब्राह्मण पुन्हा भिंत होऊन नाचू लागतात.

कायदा, सापळा आणि रंगमंच

घाशीरामाचा हा पेच नाटकापुरता मर्यादित नाही याची साक्ष कायद्यातूनही मिळते. भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम १९८८ चा असून २०१८ च्या दुरुस्तीने त्यातील आठव्या कलमान्वये लाच देणे हा स्वतंत्र गुन्हा ठरला. ज्याला लाच देण्यास भाग पाडले गेले त्याने सात दिवसांच्या आत सक्षम यंत्रणेला कळविल्यास त्याला संरक्षण मिळते. या तरतुदीविषयी मतभेद आहेत, आणि पीडिताचे तोंड बंद होईल ही टीका निराधार म्हणता येणार नाही. परंतु देणारा आणि घेणारा यांतील सीमारेषा जेथे पुसट असते तेथेच बोलण्याची मुदत महत्त्वाची ठरते, हे त्यातील तत्त्व नाटककारांना पूर्वीपासून ठाऊक होते. घाशीरामाला सात दिवस मिळाले नाहीत असे नव्हे; त्याने ते घालविले.

लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा सापळा हाही एक प्रकारचा नाट्यप्रयोगच असतो. नोटांना फिनॉल्फ्थॅलीनची भुकटी लावलेली असते, दोन पंच हजर असतात, तक्रारदाराने ठरलेला इशारा द्यायचा असतो आणि नंतर सोडियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडविलेली बोटे गुलाबी होतात. रंग एवढा बोलका असूनही न्यायालयास तो पुरत नाही. लाचेची मागणी झाली होती हे सिद्ध व्हावे लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२२ मध्ये मागणी व स्वीकार हे दोन्ही आवश्यक असल्याचे अधोरेखित करतानाच ती मागणी परिस्थितिजन्य पुराव्यानेही शाबीत करता येईल असे म्हटले. म्हणजे गुलाबी बोटांपेक्षा उच्चारलेल्या शब्दाला महत्त्व अधिक. जनान्तिकात बोलला गेलेला तो शब्द कोणीतरी ऐकलेला असावा लागतो आणि त्याने तो प्रकाशात सांगावा लागतो.

महाविद्यालयीन रंगमंचासाठी संहिता निवडताना आणि वर्गात हे प्रवेश शिकविताना या गोष्टीचा विचार व्हावयास हवा. स्टॉकमनचे भाषण पाठ करून घेणे सोपे आहे. सभेचा अध्यक्ष निवडण्याचा त्याआधीचा रूक्ष भाग बसविणे अवघड आहे, कारण तो कंटाळवाणा वाटतो आणि त्यात कोणाला टाळ्या मिळत नाहीत. घाशीरामाची प्रतिज्ञा करायला अनेक विद्यार्थी पुढे येतात. नानांसमोर त्याने मान तुकवून परत जाण्याच्या प्रसंगात मात्र अभिनेत्याला काहीच बोलायचे नसते, आणि तो काही क्षणांचा काळ पेलणे हेच खरे काम असते. पथनाट्यातील कारकुनालाही एखादे स्वगत द्यावे : ही जागा मिळविण्यासाठी त्याने काय मोजले, कोणाला मोजले, आणि वर त्याला दरमहा काय पोहोचते करावे लागते. तरुणाच्या खिशात दाखल्याचा अर्ज असतो. प्रवेशासाठी, बदलीसाठी वा नेमणुकीसाठी त्याच्या घरातून पूर्वी काही दिले गेले होते का, हेही संहितेत येऊ द्यावे. प्रयोगानंतर होणारी चर्चा मग कारकुनापुरती राहणार नाही.

'घाशीराम' च्या तालमींत भूमिका वाटताना घाशीराम, नाना, सूत्रधार, गुलाबी यांवर बराच वेळ जातो. भिंतीतल्या ब्राह्मणांसाठी उरलेली नावे लिहिली जातात. वस्तुतः ही माणसे जवळजवळ संपूर्ण वेळ रंगमंचावर असतात. बावनखणीकडे जाणारी तीच, दक्षिणेच्या रांगेतली तीच, घाशीरामावर आळ घेणारी तीच, पुढे त्याच्या जुलमाखाली भरडली जाणारी आणि त्याला दगड मारणारीही तीच. पाठ फिरविली की त्यांची भिंत होते व मागचे काही दिसत नाही. तोंड वळविले की ती पुन्हा माणसे होतात.